मध्यस्थी म्हणजे नांदायला धाडणे नव्हे

घटस्फोटाचे वाद मध्यस्थीने सोडवावेत, असे म्हटले की विरोध दोन बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, मध्यस्थी म्हणजे बाईची समजूत घालून तिला परत सासरी पाठवण्याची सभ्य युक्ती. दुसरी म्हणते, अन्याय झाला असेल तर न्यायाधीशांनी निवाडा करावा. तिथे वाटाघाटी कसल्या? पहिल्या आक्षेपामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि दुसऱ्यामागे न्यायाची चाड. त्यामुळे दोन्ही झटकून टाकता येणार नाहीत. तरीही माझे मत ठाम आहे: वेगळे व्हायचे ठरल्यावर पैसा, घर आणि मुले यांची व्यवस्था नवरा-बायको दोघांनीच, प्रशिक्षित आणि तटस्थ व्यक्तीच्या मदतीने ठरवणे, हा बहुतेक संसारांसाठी खटल्यापेक्षा अधिक न्याय्य मार्ग आहे.

पहिल्या आक्षेपाचे मूळ आपल्या बैठकींत आहे. सासर-माहेरची वडीलधारी मंडळी जमतात, गावातला कोणी वजनदार माणूस बोलतो, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे ती दाराआड उभी असते. काही समाजांत तर जातपंचायतच निकाल देत आली. तिचा जाच इतका वाढला की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदेही या मनोवृत्तीपासून मुक्त नाहीत. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा न्यायाधीशांची निवड करताना विवाहसंस्थेच्या रक्षणाविषयीची त्यांची निष्ठा पाहायला सांगतो. मग समुपदेशकाच्या खोलीत ‘मुलांकडे बघून जुळवून घ्या’ हे वाक्य ऐकू आले तर नवल कसले?

पण हा दोष मध्यस्थीचा नव्हे, तिच्या नावाखाली चालणाऱ्या दडपणाचा आहे. पंच निर्णय देतात. मध्यस्थाला तो देण्याचा अधिकारच नाही. पंचांसमोरून उठून जाता येत नाही. मध्यस्थीतून कोणताही पक्ष केव्हाही बाहेर पडू शकतो. बोलणी फिसकटली, तर मध्यस्थाने न्यायालयाला फक्त ‘मध्यस्थी असफल’ एवढेच कळवावे, आत काय बोलणे झाले ते नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले आहे. संमतीच्या घटस्फोटातला सहा महिन्यांचा थांबा माफ करता येतो, असे २०१७ साली ठरवताना त्याच न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या तपासायला सांगितल्या: पुन्हा एकत्र येण्याची शक्यता संपली आहे का, आणि पोटगी व मुलांचा ताबा यांवर खरीखुरी तडजोड झाली आहे का. म्हणजे नांदणे संपल्यावरही ठरवण्यासारखे पुष्कळ उरते, हे कायद्याने ओळखले आहे.

आणखी एक मुद्दा असमान बळाचा. नवऱ्याला स्वतःची मिळकत ठाऊक, बायकोला त्याच्या पगाराचा आकडाही माहीत नाही. अशा बोलण्यांत ती लुबाडली जाणार, ही भीती रास्त आहे. या भीतीवर उपायही आहे. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेव्हा आधी प्रतिज्ञापत्र, मग बोलणी, हा क्रम मोडता कामा नये. आणि कोर्टात तरी बळ समान कुठे असते? तारखांमागून तारखा पडतात तेव्हा ज्याच्या खिशात पैसा तो टिकतो. पोटगीची वाट पाहणारी शेवटी मिळेल त्यावर सही करते.

मारहाण आणि धाकाच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत नको. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण आधी मिळाले पाहिजे. जिचा नवऱ्याच्या नुसत्या नजरेने थरकाप होतो, तिला त्याच्यासमोर टेबलाशी बसवणे हा गुन्ह्यालाच दिलेला हातभार ठरेल.

राहिला ‘निवाडाच हवा’ हा आग्रह. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंना निवाडाच दिला होता: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांची सुटका झाली ती १८८८ च्या तडजोडीने. त्यांचे पती दादाजी यांनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि रखमाबाई पुढे वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. स्वातंत्र्याची किंमत त्यांना मोजावी लागली, हा अन्यायच. पण निवाडा म्हणजेच न्याय, हे समीकरण तेव्हाही खरे नव्हते, आजही नाही. २०१३ साली न्या. रंजना देसाई यांनी लिहिलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले लग्न १९९९ मध्ये झाले आणि दोनच दिवसांत फिसकटले. घटस्फोटाला मात्र जवळजवळ चौदा वर्षे लागली. वैवाहिक वाद अगदी सुरुवातीलाच मध्यस्थीकडे पाठवावेत, असा आदेश याच निकालाने दिला, आणि त्यामुळे विवाहितेच्या छळाबद्दलच्या, तेव्हाच्या दंडसंहितेतील ४९८अ कलमाची धार बोथट होऊ देऊ नये, हेही बजावले.

मध्यस्थीचे खरे मोल मुलांच्या बाबतीत कळते. खटल्यात क्रूरता सिद्ध करायची तर अर्जात एकेक आरोप लिहावा लागतो. बाप नालायक, आई बेजबाबदार हे कागदावर कायमचे उमटते, आणि त्याच दोघांना पुढची दहा-पंधरा वर्षे एका मुलाला वाढवायचे असते. न्यायाधीश भेटीसाठी दुसरा आणि चौथा शनिवार नेमून देतील. पण गणपतीत मूल कोणाकडे, दहावीच्या वर्षी भेटी कशा, ताप आला तर औषधाचा निर्णय कोणाचा, क्लासची फी कोण भरणार, आजीला नातवाशी फोनवर बोलता येईल का, एकाला परगावी नोकरी लागली तर काय, हे सारे निकालपत्रात मावत नाही. हे आईबापच ठरवू शकतात. स्वतः ठरवलेले पाळण्याची शक्यताही अधिक, कारण त्यात कोणी हरलेले नसते.

म्हणून मागणी मध्यस्थी बंद करण्याची नव्हे, ती नेकीने चालवण्याची हवी. मध्यस्थाच्या कामाचे मोजमाप किती जोडपी परत नांदायला गेली यावर करू नये. मागितल्यास दोघांच्या बैठकी वेगळ्या व्हाव्यात. कराराचा मसुदा पक्षकाराच्या भाषेत हाती द्यावा, वकिलाला दाखवायला अवधी द्यावा, आणि हप्ता चुकला तर काय, तेही त्यात स्पष्ट लिहावे. नातेवाइकांनी आणि वकिलांनीही ‘त्याला धडा शिकवू’, ‘तिला रडवू’ ही भाषा सोडावी. लग्न मोडण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. ते मोडताना एकमेकांची माणुसकी मोडू नये, ही जबाबदारी आपली आहे.