पाकळ्यांची पेटी आणि गुरुत्वमध्य



आपल्या विज्ञान मंडळाचे रेडिओ-नियंत्रित विमान चाचणीत पडले, ही बातमी मी मैदानावरून परतण्याआधीच शाळेत पोहोचली होती. तेव्हापासून माझ्याकडे दोन सूचना आल्या आहेत. एक, हा खेळ बंद करून मुलांना अभ्यासाला बसवा. दुसरी, तयार ड्रोन विकत घ्या. दोन्ही सूचना आपुलकीच्या आहेत, पण मला त्या मान्य नाहीत.

आधी काय घडले ते सांगतो. विमान सुमारे 900 ग्रॅमचे, वर पंख असलेले, शिकाऊंसाठीचे. ते चांगले उडत होते. 26 जानेवारीला ध्वजवंदनाच्या वेळी त्यातून फुलांच्या पाकळ्या पडाव्यात, अशी कल्पना निघाली. नववीच्या मुलांनी सनबोर्डची पेटी करून पंखामागे बसवली. भरल्यावर तिचे वजन 120 ग्रॅम झाले. शिवाय नाक खाली दाबता यावे म्हणून त्याच दिवशी शेपटीचा एलेव्हेटरही मोठा केला. मी विचारले, तर उत्तर आले, "कुछ नहीं होगा सर!" विमान हातातून सुटले, नाक वर करून उभे राहिले, वेग गेला आणि ते एका बाजूला कोसळले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. 'गुरुत्व केंद्र' मला ठाऊक होते. 'गुरुत्वमध्य' हा शब्द मी या शाळेत येऊन शिकलो. त्या संध्याकाळी फळ्यावर तोच मांडला. पंखाची रुंदी 20 सेंमी. समतोल पुढच्या कडेपासून साडेपाच सेंमीवर होता. त्याच्या 20 सेंमी मागे 120 ग्रॅम ठेवले, की 120 गुणिले 20 भागिले 1020, म्हणजे समतोल जवळजवळ अडीच सेंमी मागे सरकतो. तरफेचे हे गणित मुलांनी परीक्षेत बरोबर सोडवले होते. पेटी चिकटवताना मात्र कोणाला आठवले नाही. संक्रांतीला पतंग एका अंगाला झुकला, की हलक्या बाजूला कन्नी बांधायला हीच मुले विसरत नाहीत!

यात माझीही चूक आहे. दोन बदल एकाच दिवशी करू दिले, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे विमान पाहायला येणार होते. त्यामुळे दोष पेटीचा किती आणि एलेव्हेटरचा किती, हे पडलेल्या विमानावरून सांगता येईना. राइट बंधूंनी 1901 च्या ग्लायडरने निराश केल्यावर छोटा वातबोगदा बनवून पंखांचे आकार तपासले. 1902 च्या ग्लायडरमागचे दोन स्थिर उभे पंख वळताना घात करू लागले, तेव्हा त्यांच्या जागी एक हलता पंख बसवला. इंजिन आले 1903 मध्ये. त्यांना कोणाला दाखवायची घाई नव्हती.

आता मुलांनी जुना एलेव्हेटर परत लावला आहे आणि पेटी थेट समतोलाच्या रेषेखाली आणली आहे, म्हणजे पाकळ्या पडल्या तरी तोल तोच राहील. एका वहीत प्रत्येक बदल, वजन आणि परिणाम लिहिला जातो. उजवीकडे काठी नेली की उजव्या पंखाचे एलेरॉन वर उठते का, हे दर वेळी दोघांनी पाहायचे. रेडिओचा पल्ला जमिनीवरच तपासायचा. आधी रिकामी पेटी, मग भरलेली.

तयार ड्रोन स्वतःच आपला तोल सांभाळतो. म्हणूनच तो मला इथे नको. चूक पोटात घालणारे यंत्र मुलांना तरफ शिकवणार नाही. दुरुस्तीचा खर्च मी प्रयोगशाळेच्या खात्यात टाकला आहे. परीक्षानळ्या फुटतात त्याच खात्यात. ज्यांना तो वायफळ वाटतो त्यांनी ती वही एकदा पाहावी, माझ्या टेबलावरच आहे.

एक गोष्ट मात्र पक्की. विमान कितीही सुधारले तरी 26 जानेवारीला मुलांच्या डोक्यावरून उडणार नाही. पाकळ्या हातानेच उधळू. कल्पना सुचवणाऱ्यांची मी क्षमा मागतो, पण फिरता पंखा आणि आठशे डोकी एकत्र येऊ देणार नाही.

पुढची चाचणी रविवारी सकाळी सातला, वारा उठण्याआधी. विमानतळ इंदूरच्या पश्चिमेला असल्याने आम्ही मैदान देवासच्या बाजूला शोधले आहे. 2021 चे ड्रोन नियम अशा विमानांनाही लागू होतात, म्हणून हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहिला आहे. पालकांनी जरूर यावे, उडवणाऱ्याच्या मागे उभे राहावे, आणि विमान पडले तर कृपया कोणाला रागावू नये.

— आपला मुख्याध्यापक