'पुट अप विथ' आणि उपसर्गविचार

दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला भारतीय विद्यार्थी 'टॉलरेट' हे लॅटिन वंशाचे क्रियापद निर्धास्तपणे वापरतो; परंतु तोच अर्थ रोजच्या बोलण्यात 'पुट अप विथ' या तीन लहान शब्दांनी व्यक्त झाला की तो अडखळतो. तिन्ही शब्द त्याच्या ओळखीचे असतात. त्यांच्या मिलाफातून निघणारा अर्थ मात्र अनोळखी असतो. ही अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना अत्यंत दुर्घट वाटणारी रचना म्हणून तिचा निर्देश केला होता. पुढे १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथात तिला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मिळाले.

आपल्याकडील अध्यापनाने या अडचणीवर योजलेला उपाय म्हणजे याद्यांचे पाठांतर. जणू या रचनेला नियमच नाहीत! वस्तुतः ते आहेत, आणि ते उलगडून दाखविण्यास उपयुक्त अशी परिभाषा भारतीय व्याकरणपरंपरेत सिद्ध आहे.

'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्यात तो टेकडीवर धावत चढला. दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. साचा वरवर एकच. परंतु नामाच्या जागी 'इट' हे सर्वनाम योजताच भेद उघड होतो. टेकडीविषयी 'रॅन अप इट' म्हणावे लागते, उधारीविषयी 'रॅन इट अप'. पहिला 'अप' नामाशी निगडित आहे, दुसरा क्रियापदाशी.

अनु, प्रति आदी शब्दांविषयी पाणिनीने असाच भेद केला आहे. क्रियेशी जोडले जातात ते उपसर्ग. क्रियेशी न जुळता नामाची विभक्ती ठरवितात ते कर्मप्रवचनीय. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्नार्थी शब्द होतात, हे उपसर्गाचे सामर्थ्य सर्वपरिचित आहे. उपसर्ग धातूच्या पूर्वी येतो, परंतु वेदात तो धातूनंतर किंवा अन्य पदांच्या व्यवधानानेही येतो, हेही पाणिनीने नोंदविले आहे. तेव्हा 'रॅन इट अप' मधील दूर सरकलेला 'अप' ही काही अपूर्व घटना नव्हे.

या दृष्टीने 'पुट अप विथ' मधील 'अप' उपसर्गाच्या स्थानी आहे, 'विथ' कर्मप्रवचनीयाच्या. 'लुक फॉरवर्ड टू' मध्येही 'टू' पुढील नामाकडे पाहतो. म्हणूनच त्यानंतर 'मीटिंग' हे क्रियावाचक नाम येते, 'मीट' नव्हे. भारतीय पत्रव्यवहारात वारंवार आढळणारी ही चूक एवढ्या एका स्पष्टीकरणाने टळू शकेल. 'कोप अप विथ' हा भारतीय प्रयोगही निव्वळ अज्ञानातून आलेला दिसत नाही. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ' यांच्या साम्यावरून तो घडला असावा. नियमाची चाहूल लागलेल्या, परंतु नियम कोणी न सांगितलेल्या मनाची ती खूण होय.

हे साम्य सर्वांशी नाही. इंग्रजीत नामविभक्ती जवळजवळ लोपल्या आहेत, आणि 'आउट', 'अवे' यांसारखे शब्द मुळात क्रियाविशेषणे आहेत. शिवाय 'ईट अप' मधील समाप्तीचा अर्थ मराठी उपसर्गाने नव्हे, तर 'खाऊन टाकणे' अशा संयुक्त क्रियापदाने दाखविते. हिंदी, बंगाली, तमिळ याही भाषा त्यासाठी दुसऱ्या क्रियापदाचाच आधार घेतात. परंतु हे वेगळेपणही तुलनेनेच नीट ध्यानात येते.

इंग्रजीच्या वर्गात मातृभाषेला मज्जाव करणे ही शिस्त समजली जाते. तिच्यामुळे देशी भाषांतून शिकलेला विद्यार्थी अकारण न्यूनगंड बाळगतो. त्याच्या हाती असलेली किल्ली काढून घ्यावयाची आणि कुलूप अवघड आहे म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.