गोजिऱ्या राक्षसांची बाजू

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात आमच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. जुन्या जपानी दैत्यपटांवर रसिकांचे इतकी वर्षे टिकून राहिलेले प्रेम, हा त्याचा विषय. जळकोट तालुक्यातल्या एका वाडीवरून आलेला, मराठी घेऊन एम. ए. करणारा हा मुलगा १९५४ सालच्या 'गोजिरा' या चित्रपटाविषयी बोलत होता. इंग्रजीने ज्याचा 'गॉडझिला' केला तोच हा. गोरिला आणि देवमासा या अर्थांचे दोन जपानी शब्द जोडून हे नाव तयार झाले. मराठी कानाला मात्र त्यात गोजिरवाणेपणा ऐकू येतो, आणि रसिकांच्या मनातले नेमके तेच आहे, असे त्या मुलाने लिहिले होते. निबंध संपल्यावर सत्राचे अध्यक्ष म्हणाले, "रबरी अंगरखा घातलेला माणूस पुठ्ठ्याची घरे तुडवतो, यात वाङ्मयीन काय आहे?" सभागृह हसले. आम्हीही हसलो. मुलगा कागद गोळा करून खाली बसला.

त्या हसण्याचे थोडे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत.

अध्यक्षांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले होते: खोटेपणा उघड दिसला की कला फसते, आणि अशा फसलेल्या कलेवर प्रेम करणारा प्रेक्षक अजाण असतो. आपल्या समीक्षेच्या हाडीमाशी हे गृहीतक इतके खिळले आहे की त्याची तपासणी करावी असे कुणाला वाटत नाही. पण रबर रबरासारखे दिसते, हे दैत्यपटांच्या चाहत्यांना अध्यक्षांपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते. 'गोजिरा'च्या वेळी विशेष दृश्यांचे काम पाहणाऱ्या एइजी त्सुबुराया यांच्या मनात 'किंग काँग' (१९३३) प्रमाणे एकेक चौकट हलवून चित्रण करावे असे होते. तेवढा वेळ हाताशी नव्हता, म्हणून माणसालाच पोशाखात घालायचे ठरले. हारुओ नाकाजिमा यांनी अंगावर चढवलेला पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा होता, आणि दिव्यांच्या उष्णतेत आत काही मिनिटेच तग धरता येई. दैत्याच्या चालण्यात वजन यावे म्हणून नाकाजिमांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन जनावरांची चाल न्याहाळली. चित्रण अधिक वेगाने करून पडद्यावर ते संथ दाखवले गेले. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी गोजिराची डरकाळी मिळवली ती एका मोठ्या तंतुवाद्याची सैल केलेली तार राळ लावलेल्या कातडी हातमोज्याने घासून. चाहते हे सारे तोंडपाठ सांगतात. १९५४ ते १९७२ या काळात नाकाजिमांनी बारा चित्रपटांत गोजिराला देह दिला. २०१७ साली ते वारले तेव्हा देशोदेशींचे लोक हळहळले. रबराच्या आत एक माणूस घाम गाळतो आहे, हे माहीत असल्यामुळेच हा जिव्हाळा टिकला. ज्याला फसवले गेले त्याला आतल्या माणसाची आठवण कशी राहील?

हे समजायला आपल्याला जपानला जाण्याचीही गरज नव्हती. दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) पाहावा. त्यात यमुनेच्या डोहातला कालिया हा घडवलेला नाग आहे, आणि कृष्ण झाली आहे फाळक्यांचीच लहान मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी फाळके कथेला हात घालत नाहीत. ते आधी मंदाकिनीचा चेहरा दाखवतात, त्यावर एकामागून एक उमटणारे भाव दाखवतात, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे ही पोर आहे, हे सोंग आहे, आता बघा, असे प्रेक्षकाला सांगून खेळ सुरू होतो. लळितात नरसिंहाचे सोंग खांबाआडून बाहेर येते तेव्हा आत कोणाचा मुलगा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते, आणि तरीही पुढच्या रांगेतली पोरे आईच्या पदराआड जातात. ठाऊक असणे आणि भिणे यांत आपल्या प्रेक्षकाला कधीच विरोध वाटला नाही. तो वाटू लागला तो आपल्याला, पदव्या मिळाल्यावर.

ज्यांना शास्त्राधार हवा असेल त्यांनी नाट्यशास्त्र उघडावे. अद्भुत आणि भयानक यांना भरताने आठ रसांत स्थान दिले, एवढे आपण वर्गात शिकवतो. मात्र आहार्य अभिनयाचे प्रकरण आपण घाईने उरकतो. त्यात 'पुस्त' म्हणून एक प्रकार आहे: पर्वत, वाहने, विमाने अशा रंगभूमीसाठी घडवलेल्या कृत्रिम वस्तू. त्याचे तीन भेद: जोडून केलेले ते संधिम, यांत्रिक युक्तीने चालणारे ते व्याजिम, आणि वस्त्रादिकांनी वेढून केलेले ते वेष्टिम. तारांनी शेपटी हलवणाऱ्या रबरी दैत्याला या वर्गीकरणात बसवायला कोणत्याही पंडिताला फार तर पाच मिनिटे लागतील. आपल्या काव्यशास्त्राला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटते?

या प्रेमाचे दोन वकीलही आहेत, आणि त्यांच्याशीही आमचे भांडण आहे.

पहिला वकील म्हणतो, हे चित्रपट इतके वाईट आहेत की मजा येते. हा हसतो आणि स्वतःला चाहता म्हणवतो. त्याचे प्रेम हे अध्यक्षांच्या तुच्छतेलाच लावलेले गोड लिंपण आहे. दुसरा वकील गंभीर आहे. तो म्हणतो, 'गोजिरा' हा अणुबाँबचा चित्रपट आहे म्हणून तो मोठा. त्याचे तथ्य आम्हाला मान्य आहे. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली. त्यांतला एक सप्टेंबरात दगावला, आणि ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर चीनमधून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. चित्रपटात दैत्य निघून गेल्यावरचे रुग्णालय आहे, किरणोत्सार मोजण्याचे यंत्र लहान मुलीच्या अंगाजवळ धरणारा शास्त्रज्ञ आहे, आणि जळत्या शहरात मुलांना कवटाळून, आता आपण बाबांकडेच जाणार, असे त्यांना समजावणारी एक आई आहे. ती आई ज्याने पाहिली तो पुठ्ठ्याच्या घरांवर विनोद करणार नाही.

तरीही हा वकील अर्धाच खटला लढवतो. दैत्याला एक अर्थ चिकटवला की तो दैत्य सोडून अर्थच घरी नेतो. मग पुढे मुलांचा कैवारी झालेल्या, इतर दैत्यांशी कुस्ती खेळणाऱ्या गोजिराचे त्याला काय करावे ते कळत नाही. चाहत्यांचे प्रेम मात्र त्या कुस्त्यांवरही आहे. ज्याने शहर जाळले तोच पुढे पोरांच्या बाजूने उभा राहिला, हा प्रवास त्यांना खटकत नाही. आपल्याकडे ज्या देवीचा कोप होतो तिलाच आई म्हणतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे प्रचंड पुतळे मिरवतात. रोगराईपासून महागाईपर्यंत साऱ्या पीडा तिच्यावर लादून तिला वेशीबाहेर नेतात, आणि तिच्यापुढे हातही जोडतात. भय आणि माया एकाच आकारात कोंबण्याची ही रीत आपल्याला परकी नाही.

आणि 'वाङ्मयीन काय' या प्रश्नाचे तर जपानी साहित्यिकांनी १९६१ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. 'मोथ्रा' या प्रचंड पतंगाच्या चित्रपटाची मूळ कथा शिनइचिरो नाकामुरा, ताकेहिको फुकुनागा आणि योशिए होत्ता या तीन नामवंत लेखकांनी मिळून लिहिली. होत्ता हे अकुतागावा पारितोषिकाचे मानकरी. तिघांनी मिळून राक्षसाची गोष्ट लिहिली म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला ओरखडा उमटला नाही. आपल्याकडे तीन प्रतिष्ठित कादंबरीकारांनी असे केले असते तर त्यांची काय वासलात लागली असती, याची कल्पना वाचकांनी करावी.

ही आपली अडचण जुनी आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आम्ही कशा शिकवतो? मराठी कादंबरीचे बाळपण म्हणून. मग हरिभाऊ येतात, कादंबरी वयात येते आणि अद्भुताचा पाळणा माळ्यावर जातो. हरिभाऊंची थोरवी निर्विवाद आहे. पण अद्भुत म्हणजे बाळपण हे समीकरण त्यांनी मांडलेले नाही. ते आमच्या टिपणवह्यांनी मांडले. त्याच समीकरणाने पुढे नारायण धारपांना ग्रंथालयातल्या फाटक्या बांधणीत आणि समीक्षेच्या वेशीबाहेर ठेवले. वाचक मात्र त्यांना विसरले नाहीत. धारपांच्या कथेचे बोट धरून आलेला 'तुंबाड' २०१८ मध्ये बेताचा चालला. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा लोकांनी चित्रपटगृहे भरली आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई झाली. एका हावरट राक्षसासाठी लोक सहा वर्षांनी परत आले. याला काय म्हणायचे, याचा शब्द आमच्या समीक्षेकडे नाही.

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही या भागातच वाढलो. १९९३ साली आम्ही शाळेत होतो. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला तात्या विंचू हा गुंड मरता मरता रामदास पाध्ये यांच्या हातच्या बाहुल्यात शिरतो, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याला छळतो. आणि त्याच वर्षी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. किल्लारी आमच्यापासून दूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पण हादरा इकडेही पोचला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस लोक माळवदाखाली झोपायला धजत नव्हते. आम्ही अंगणात झोपायचो.

त्या दिवसांत आम्ही पोरांनी एक खेळ काढला होता. एकाने अंगावर वाकळ घ्यायची, रांगत यायचे आणि घुमायचे. तो भूकंप. बाकीचे घरे. भूकंप अंगाला लागला की घराने पडायचे, आणि पडलेल्या घराने पुढच्या डावात वाकळ घ्यायची. मोठी माणसे हा खेळ पाहून संतापत. मेलेल्यांची थट्टा करता काय, म्हणून आम्ही मारही खाल्ला. थट्टा नव्हती ती. वाकळीत मुंडके घालून घुमताना जी भीती रात्री पोटात गोळा होऊन बसे, ती दिवसा आमच्या हातापायांत येई, आणि तेवढा वेळ ती आमची असे. पुढच्या वर्षी गणपतीत भाड्याच्या व्हीसीआरवर तात्या विंचू पाहिला. त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी आम्हाला स्वच्छ दिसत होत्या, आणि तरी आम्ही एकमेकांना बिलगून बसलो होतो. आज कळते, वाकळीतला भूकंप काय आणि रबरातला गोजिरा काय, एकाच घराण्याचे.

त्या भूकंपावर नंतर कविता झाल्या, अहवाल झाले, भाषणे झाली. त्यांतले बरेचसे प्रामाणिक होते. पण ज्या आपत्तीचा आकारच माणसाच्या मापाबाहेरचा असतो तिला तपशीलवार वास्तवाची फूटपट्टी पुरत नाही, हे जपान्यांनी ओळखले. ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) हा युद्धातून जिवंत परतल्याची लाज बाळगणाऱ्या एका वैमानिकाची गोष्ट सांगतो, आणि त्या लाजेपुढे उभा राहायला त्याला इमारतीएवढाच दैत्य लागतो. त्यात रबर नाही, संगणक आहे. पण ३५ जणांच्या छोट्या चमूने केलेल्या त्या दृश्यांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. सत्तर वर्षे हा आकार उपयोगी पडतो आहे. आमच्या वाकळीतल्या भूकंपाला मात्र मराठीत पुढे कोणी वाढवले नाही, कारण वाढवण्याच्या वयात आम्हाला शिकवले गेले की हे पोरखेळ आहेत.

या प्रकारातले बरेच काही टाकाऊ आहे, हे आम्ही नाकारत नाही. घाईत काढलेले, जुनीच दृश्ये पुन्हा चिकटवलेले गोजिरापट आहेत. 'झपाटलेला'चा आराखडा एका अमेरिकी भयपटाकडून घेतलेला आहे, हेही खरे. प्रेम हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. पण समीक्षेचे काम त्यातले सरस-नीरस निवडण्याचे आहे, आणि निवडायला आधी सुपात घ्यावे लागते. दारातूनच फेकून देण्याला निवडणे म्हणत नाहीत.

गोजिरा अभ्यासक्रमात लावा, अशी आमची मागणी नाही. अभ्यासक्रमात गेलेल्या गोष्टींवरचे प्रेम कसे आटते ते आम्ही रोज पाहतो. मागणी इतकीच, की एखादा विद्यार्थी आपल्या आवडत्या राक्षसाविषयी बोलायला उभा राहिला तर त्याला विचारावे: हा तुला का आवडतो, तो आला की तुझी कोणती भीती आत येते, आणि तो गेला की ती कुठे जाते? या प्रश्नांची उत्तरे वाङ्मयीनच असतील.

तो मुलगा आता एका शाळेवर शिक्षक आहे. त्याचा निबंध आम्ही त्या दिवशी मागून घेतला नव्हता. गेल्या महिन्यात निरोप धाडून मागवला आणि वाचला. शुद्धलेखनाच्या काही चुका आहेत. बाकी, आम्ही इथे जे लिहिले त्यातले निम्मे त्याने तेव्हाच लिहून ठेवले होते.