ट्रायकोडर्मा हे औषध नव्हे, बेणे आहे



लागणीचे दिवस आले की ट्रायकोडर्माच्या पुड्यांना मागणी वाढते. चार महिन्यांनी त्यातलेच काही सभासद गट ऑफिसात येऊन सांगतात, "साहेब, पुडा टाकला, पण फरक काय पडला नाय." आमचे स्पष्ट मत असे की, यात दोष बहुतेक वेळा पुड्याचा नसतो. जिवंत वस्तूला आपण औषध समजतो, तिथेच घोडे अडते.

ट्रायकोडर्मा ही एक बुरशी आहे. बुरशी म्हटले की आपल्याला काणी आणि लाल कूज आठवते. पण जमिनीत बुरशीलाही वैरी असतात. जिवाणू टपलेले असतात, दुसऱ्या बुरशा तिच्या तोंडचा घास पळवतात. तिला ना डोळे, ना नाक, ना पळायला पाय. तरी ती वैरी ओळखते. कशी, ते पाहा. ट्रायकोडर्माचे धागे वाढता वाढता थोडाथोडा पाचक रस बाहेर सोडतात. जवळ दुसरी बुरशी असली तर त्या रसाने तिच्या कवचाचे बारीक कण सुटतात. ते कण पोचले की ट्रायकोडर्माला खबर लागते आणि रसाचे प्रमाण वाढते. मग तिचा धागा वैऱ्याच्या धाग्याला वेढा घालतो, कवचाला भोक पाडतो आणि आतला ऐवज खातो. वेढा घालून खाण्याचा हा प्रकार रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केला. आपले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र निघाले तेही त्याच साली.

जिवाणूंचा सुगावाही बुरशीला लागतो. गव्हाच्या ओंबीवर रोग पाडणाऱ्या फ्युजेरियम बुरशीला जिवाणूंच्या अंगाचे नुसते अंश दिले, तरी काही तासांत तिच्या पेशींचे कामकाज बदलते, असे २०१६ सालच्या संशोधनात दिसले. काही बुरशा जिवाणूंना मारणारे द्रव्यच तयार करतात. १९२८ साली फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलीन हे त्यातलेच. पुढे १९५४ साली पेनिसिलीनसाठीच पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

आता आमचा मुद्दा. ही सगळी राखणदारी बुरशी जिवंत असेल, ओल असेल आणि पोटाला मिळत असेल तरच होते. आपण काय करतो? पुडा पत्र्याच्या शेडात तापत ठेवतो. बेणेप्रक्रियेच्या पिंपात कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र कालवतो. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे, ते आपल्या बुरशीलाही सोडत नाही! काणीसाठी ती प्रक्रिया जरूर करा, पण ट्रायकोडर्मा त्या पाण्यात नको. काही दिवसांचे अंतर ठेवून, कुजलेल्या शेणखतातून किंवा निवलेल्या प्रेसमडमधून ती जमिनीला द्या. आणि पाचट पेटवू नका. पाचट हेच तिचे अन्न. एका काडीने तिची शिदोरी आणि वरच्या थरातली वस्ती दोन्ही जळून जातात.

हेही लक्षात ठेवा की ट्रायकोडर्मा म्हणजे सर्व रोगांवर रामबाण नव्हे. गवताळ वाढीचा रोग बुरशीचा नाहीच. तिथे पुडा टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. लाल कूज झालेल्या उसाचे बेणे वापरून वर पुडा टाकला, तर बुरशीने तरी काय करायचे? निरोगी मळ्यातले बेणे, ही पहिली अट.

जबाबदारी एकट्या सभासदाची नाही. किती पुडे वाटले, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. त्यातले किती जिवंत शेतात पोचले, हे कोण पाहणार? गट ऑफिसात पुडे सावलीत व थंड जागी ठेवावेत, मुदत संपलेला माल परत पाठवावा आणि शेतकी खात्याच्या माणसांनी वापरानंतर प्लॉट पाहून नोंद ठेवावी, अशी आमची मागणी आहे. सभासदांनीही पुडा घेताना मुदतीची तारीख वाचावी, आणि येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न उभे राहून विचारावा. पैसा आपला आहे, जमीनही आपलीच आहे.