बॉनेटवरचं चोंदलेलं नाक

‘स्टाईल’ या शब्दाची मला आताशा ॲलर्जी झाली आहे. व्हिंटेज स्टाईल, रॅम एअर स्टाईल, शेल्बी स्टाईल... विकणाऱ्याने नावाच्या शेपटीला हा शब्द लावला की समजावं, वस्तू ती नाही, तिचा मुखवटा आहे. उद्या कोणी ‘हापूस स्टाईल’ आंब्याची पेटी दारात आणून ठेवली तर आपण घेऊ का राव?

विषय हूड स्कूपचा आहे. आपण ज्याला बॉनेट म्हणतो त्याला इथे अमेरिकेत हूड म्हणतात, आणि बाहेरची हवा आत घ्यायला त्यावर जो तोंडवाला उंचवटा असतो तो स्कूप. मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, पोटापाण्यासाठी गाड्यांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहितो, आणि गेले दोन हिवाळे एका सहकाऱ्याच्या गराजमध्ये त्याच्या १९६७च्या मस्टँगवर हात काळे करतो. इंजिन २८९, कार्ब्युरेटरवालं. बाकी गाडी कस्टम, म्हणजे ब्रेक नवे, गिअरबॉक्स नवा, सीटसुद्धा भलत्याच गाडीची. आता ऑगस्टच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझआधी त्याला बॉनेटवर जुन्या धाटणीचा स्कूप हवाय. महिनाभर शोधून साहेबांनी काय पसंत केलं? फायबरग्लासचा तुकडा, पुढचं तोंड बंद, खाली डबल साइडेड टेप. “दिसतं ना भारी? मग झालं!”

हा लेख म्हणजे त्या ‘मग झालं’ला उत्तर आहे. तोंडी देऊन झालंय, उपयोग झाला नाही.

आधी विक्रेत्यांचं आवडतं थोतांड बघू: म्हणे हवा जोरात आत घुसते आणि इंजिनाला सुपरचार्जरसारखा दाब मिळतो. अकरावीतलं अर्धा रो व्ही वर्ग आठवा. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. ताशी १६०ला गेलात (आणि पोलिसांनी सोडलं) तरी सव्वा टक्क्याच्या आतच. खरा फायदा गारव्याचा आहे. बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि बॉनेटखाली ७० असेल, तर आतली हवा साधारण १२ टक्के विरळ असते. तो सगळा फरक अश्वशक्तीत उतरत नाही, पण जो उतरतो तो फुकटचा. म्हणजे स्कूपला काम एकच, बाहेरची हवा तापू न देता फिल्टरपर्यंत पोचवणं. बंद तोंडाचा स्कूप म्हणजे मागे काहीच चालू नसताना सरकणारा प्रोग्रेस बार.

“पण कंपन्यांनी स्वतःच खोटे स्कूप लावले होते की!” हा त्याचा हुकमाचा एक्का. आणि गोष्ट खरी आहे. १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओवरचे दोन्ही स्कूप निव्वळ शोभेचे. १९६९च्या मस्टँग मॅक वनवर जो स्कूप आपसूक यायचा तो बंद. खरा हवा असेल तर शेकर घ्या, त्याचे पैसे वेगळे. (शेकर म्हणजे थेट इंजिनावर बसवलेला स्कूप. बॉनेटच्या भोकातून वर डोकावतो आणि इंजिनाबरोबर थरथरतो. काय दिसतो म्हणून सांगू!) ट्रान्स ॲमची कथा तर अजून मजेशीर. १९७०मध्ये तिचा शेकर मागच्या बाजूने, काचेकडे तोंड करून हवा घ्यायचा. १९७३पासून आवाजाच्या नियमांपायी पॉन्टिॲकने ते तोंडच बंद करून टाकलं. १९७७च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’मधली ती काळी ट्रान्स ॲम, जिच्यावर अख्खी पिढी फिदा झाली, तिचं नाक कंपनीतूनच चोंदलेलं! मालक लोक मग घरी ती पट्टी कापून तोंड मोकळं करायचे. मला हे मालक फार आवडतात.

तर खोटेपणाला परंपरा आहे, कबूल. १९६९ची मॅक वन कोणी नटबोल्टसकट मूळ रूपात आणत असेल तर त्याने बंद स्कूपच लावावा. त्याचं काम दफ्तर राखणाऱ्याचं आहे, जे होतं ते तसंच दाखवायचं. पण कस्टम करणाऱ्याला ही सबब नाही. बाबा रे, या गाडीतला प्रत्येक नट तू निवडलायस. मग कंपनीच्या कारकुनाने तेव्हा वाचवलेल्या चार पैशांची नक्कल तू कशाला करतोस?

आणि मी काही रुक्ष इंजिनिअर नाही. मिरवायला माझी ना नाही. १९७०च्या प्लिमथ रोड रनरचा ‘एअर ग्रॅबर’ बघा. डॅशबोर्डाखालचं बटण दाबलं की बॉनेटवर झडप उघडते, आणि तिच्या बाजूंवर चक्क शार्कचे दात रंगवलेले. नौटंकी आहे, पण हवा खरोखर घेते. त्याच वर्षीच्या शेव्हेल एसएसची झडप काचेच्या पायथ्याशी, कारण वारा तिथे अडतो आणि दाब वाढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती उघडते. १९६४च्या फोर्ड थंडरबोल्टच्या बॉनेटवरचा अश्रूसारखा फुगवटा हवेसाठी नव्हताच. खालचं ४२७ इंजिन उंच म्हणून तो फुगवला. हवा घेतली आतल्या दोन हेडलाइट काढून त्यांच्या भोकांतून! ज्या आकारांवर आपण आज जीव टाकतो ते असे कोणाच्या तरी अडचणीतून आलेत.

पुण्यातल्या मित्रांनो, हसू नका. छोट्या हॅचबॅकवर चिकटवलेले स्कूप मी आपल्याकडेही पाहिलेत. २००९च्या फॉर्च्युनरवरचा खरा होता, त्याच्याखाली इंटरकूलर होता. त्याच्या नकलेखाली काय असतं? पत्रा.

माझी चिडचिड एवढी का, तर आम्ही दोघं दिवसभर ज्या धंद्यात आहोत तिथे इंजिनाचा आवाजसुद्धा आता स्पीकरमधून ऐकवतात. २०११च्या बीएमडब्ल्यू एम ५पासून हे उघड गुपित आहे. शनिवारी त्या थंड गराजमध्ये आम्ही जातो ते स्क्रूड्रायव्हर फिरवला की खरोखर काहीतरी फिरावं म्हणून. तिथेही मुखवटाच लावायचा असेल तर मी घरी झोपतो.

तर आता स्कूप असा शोधायचा. एअर फिल्टरच्या डोक्यावर मातीचे, मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे ठेव, बॉनेट हळूच बंद कर, परत उघड. गोळा किती चेपला त्यावरून किती जागा आहे ते कळेल. त्या मापाचा, उघड्या तोंडाचा स्कूप बघ. तोंड पत्र्यापासून जरा वर हवं, कारण पत्र्यालगतची हवा मंद असते. बॉनेट कापताना खालच्या पट्ट्या वाचव, त्यांच्यावरच त्याची ताकद आहे. फिल्टर आणि बॉनेटमध्ये फोमची कडी बसव, नाहीतर भोक पाडूनही इंजिन गरम हवाच ओढेल. पावसाचं पाणी निघायला वाट ठेव. आणि ऑगस्टपर्यंत मनासारखा नाहीच मिळाला, तर सपाट बॉनेटनेच वुडवर्डला जाऊ, ६७च्या मस्टँगला ते शोभतंच.

टेपचा रोल मी परवाच गराजमधून उचलून आणलाय. शोधू नकोस.