अफू आणि बर्फाची लादी

अभ्यासवर्गाकडे न फिरकणारी मुले चिनी मारामारीचे चित्रपट मात्र रात्र जागून पाहतात, ही तक्रार रत्नागिरीपासून परळपर्यंत कार्यकर्त्यांच्या तोंडी असते. तक्रारीपाठोपाठ निदानही तयार असते. हे चित्रपट म्हणजे कष्टकऱ्यांच्या पोरांना चारलेली अफूची गोळी होय. सरंजामशाहीची भुते पडद्यावर नाचवून भांडवलदार आपला गल्ला भरतो. एवढे बोलून झाले की वक्ता मोकळा होतो. मुले का जातात, हा प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो.

हे निदान जुने आहे. शांघायमध्ये १९२८ साली ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ हा चित्रपट निघाला आणि त्याचे भागांमागून भाग येऊ लागले. माओ दुनसारख्या डाव्या लेखकाने १९३३ साली त्यावर असेच कोरडे ओढले. त्यापूर्वीच चँग कै-शेकच्या राजवटीने अशा चित्रपटांवर बंदी आणली होती. ज्या वस्तूवर क्रांतिकारक आणि क्रांतीचा गळा घोटणारे असे दोघेही सारख्याच त्वेषाने तुटून पडतात, तिच्यात लोकांना नेमके काय सापडते, एवढी शंका तरी यावयास हवी होती.

या कथांच्या वीराला चिनी भाषेत ‘श्या’ म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी सू-मा च्येन या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात अशा माणसांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. दिलेला शब्द पाळणे, अडलेल्यासाठी जिवाची पर्वा न करणे आणि केलेल्या उपकाराचा डांगोरा न पिटणे हे त्यांचे गुण त्याने नोंदविले. ही माणसे कायदा मोडतात हेही लपविले नाही. सम्राटाने खुद्द सू-मा च्येनला अमानुष शिक्षा दिली, तेव्हा दरबारातील कोणीही त्याच्या बाजूने उभे राहिले नव्हते. हे प्रकरण नुसत्या कुतूहलापोटी लिहिलेले नव्हे. कायदा ज्याच्या दारी आला तो वसुलीसाठीच आला, त्या माणसाला असा वीर का हवासा वाटतो हे खोताच्या घरी वेठ केलेल्या कुळाच्या नातवाला समजावून सांगावे लागत नाही. मराठी वाचकाने बाबूराव अर्नाळकरांच्या ‘काळा पहाडा’वर प्रेम केले ते याच ओढीने.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५४ च्या जानेवारीत मकाव येथे दोन युद्धकला-गुरूंची जाहीर लढत झाली. लोकांची उत्सुकता पाहून हाँगकाँगच्या ‘शिन वान पाव’ या सायंदैनिकाने लागलीच ल्यांग यू-शेंगची वीरकथा क्रमशः छापावयास घेतली. पुढच्याच वर्षी जिन योंगची पहिली कादंबरीही तेथेच सुरू झाली. हे सायंदैनिक डाव्या विचारांचे, पेकिंगच्या बाजूचे होते! आपल्याकडील पक्षपत्रांच्या संपादकांपर्यंत ही वार्ता पोहोचलेली दिसत नाही.

तेव्हा शब्दाला जागणे, मित्राला न विकणे, धनाची तुच्छता या मूल्यांशी समाजवाद्याचे भांडण असण्याचे कारण नाही. संपात याहून वेगळे काय लागते? खरा घोटाळा आहे तो जमाखर्चाचा. कादंबरीतील वीर खानावळीत शिरतो, चांदीचा तुकडा फेकतो आणि दारू मागवितो. ती चांदी कोठून आली आणि त्याच्या पानातला भात कोणी पिकविला, याची नोंद कोठेच सापडत नाही.

ब्रूस लीचा १९७१ सालचा ‘द बिग बॉस’ हा चित्रपट या बाबतीत कित्येक कादंबऱ्यांहून प्रामाणिक आहे. चेंग नावाचा तरुण पोटासाठी चीनमधून थायलंडात नातलगांकडे येतो आणि बर्फाच्या कारखान्यात लागतो. चाकरमान्यांच्या जिल्ह्याला ही कथा परकी वाटू नये. भांडण न करण्याची त्याने आईला शपथ दिलेली असते. एके दिवशी बर्फाची लादी फुटते आणि आतून मादक द्रव्याच्या पिशव्या बाहेर पडतात. ज्या कामगारांनी त्या पाहिल्या ते नाहीसे होतात. त्यांची चौकशी करणारेही परतत नाहीत. उरलेले कामगार काम बंद पाडतात. मारामारी जुंपते, चेंगची शपथ मोडते आणि मालकाचे गुंड मार खातात. यावर मालक काय करतो? तो चेंगला मुकादम करतो. दारू पाजतो, मेजवानी देतो. काम पुन्हा सुरू होते. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर कसा घडविला जाई, याचा यापेक्षा स्वच्छ पाठ अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत मिळणे कठीण. चेंगचे डोळे उघडतात तोवर घरातील बहुतेक सारे मारले गेलेले असतात. तो एकटा जाऊन मालकाला ठार करतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो. कामगारांनी मिळून उगारलेले एकमेव हत्यार, म्हणजे काम बंद करणे, ते वीराच्या बढतीने बोथट केले; आणि पुढे वीराच्या मुठींनाही त्याची भरपाई करता आली नाही.

ल्यांगशानच्या १०८ बंडखोरांच्या जुन्या चिनी कादंबरीतही पुढारी सुंग च्यांग अखेर सम्राटाची माफी स्वीकारतो, आणि त्याचीच फौज दुसऱ्या बंडखोरांवर पाठविली जाते. १९७५ साली माओने या शरणागतीविरुद्ध मोहीमच उघडली होती. अशी उदाहरणे शोधण्यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही, हे मंत्रिपदांच्या याद्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

कोकणाने दुसरीही एक वीरकथा पाहिली आहे. कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. संप १९३९ पर्यंत चालला. हवेतून उड्या मारणारा तेथे कोणी नव्हता, गुप्त विद्येचा ग्रंथही नव्हता. लाकूडफाटा विकून दिवस काढणारी कुटुंबे होती आणि चरीत दिलेला शब्द होता. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले. कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. सू-मा च्येनने सांगितलेले सारे गुण या माणसांत होते. फरक इतकाच की त्यांनी ते एका माणसाच्या स्वाधीन केले नाहीत.

तरुणांना रागे भरण्यापेक्षा पुढच्या अभ्यासवर्गात ‘द बिग बॉस’च दाखवावा. चेंगला मुकादम केले जाते तेथे चित्रपट थांबवावा, दिवे लावावेत, आणि कामगारांनी आता काय करावयास हवे होते ते मुलांनाच विचारावे.