परदेशी मिस्ड कॉलला उलट फोन करू नका

रात्री-अपरात्री फोन एकदाच वाजतो आणि हात लावायच्या आत बंद होतो. सकाळी पाहावं तर नंबराच्या पुढे +९१ नाही, भलतेच आकडे. कोण असेल, काही निकडीचं असेल का, म्हणून आपण उलट फोन लावतो. फसतो ते इथेच.

हे फोन माणूस करत नाही. कॉम्प्युटर हजारो नंबर फिरवतो आणि एक रिंग झाली की तोडतो. तुमचा उलटा कॉल मात्र मिनिटाला जबर दर लागणाऱ्या परदेशी नंबरवर जातो आणि त्या पैशातला वाटा हे फोन करवणाऱ्या टोळीला मिळतो. म्हणून तुम्हाला होईल तेवढा वेळ अडकवून ठेवतात. गाणं लावतात, थांबायला सांगतात, नाहीतर नुसती खोटी रिंग ऐकवतात. आपल्याला वाटतं अजून कोणी उचललं नाही. प्रत्यक्षात कॉल लागलेला असतो आणि पैसे कापले जात असतात.

‘माझा तर अनलिमिटेडचा रिचार्ज आहे’ यावर विसंबू नका. तो देशातल्या कॉलपुरता. आयएसडीचे पैसे वेगळे. प्रीपेडवाल्याचं नुकसान निदान बॅलन्स संपला की थांबतं, पोस्टपेडवाल्याला बिल आल्यावर कळतं.

खरी पंचाईत ज्यांची माणसं बाहेर आहेत त्यांची. कोकणात कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात असतं. दुबईचा कोड ९७१, सौदीचा ९६६, ओमानचा ९६८, एवढे लिहून ठेवा. अमेरिकेचं जरा फसवं आहे, कारण +१ एकट्या अमेरिकेचा नाही. त्यापुढे ८७६ असेल तर जमैका, ८०९ असेल तर डोमिनिकन रिपब्लिक, ४७३ असेल तर ग्रेनाडा. न्यू जर्सीतल्या लेकीचा तो फोन नसणार. शंका आलीच तर तिच्या नेहमीच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा.

‘पोचलो की मिस्ड कॉल देतो’ म्हणणारी आपण माणसं, उलट फोन करणं अंगवळणी पडलंय. पण अनोळखी परदेशी नंबराशी कसली भीडभाड? ज्याला खरंच काम असेल तो पुन्हा करील.

घरात आयएसडी लागतच नसेल तर कंपनीला सांगून बंद करून घ्या. आजी-आजोबांच्या फोनवर आधी. चुकून कॉल लागलाच तर लगेच कापा, बॅलन्स किंवा बिल तपासा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवा. संशयित नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, आणि तो त्याच दिवशी करा.